ओव्याचं तेल जंतू मारतं का, हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं

मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट वाटायची वेळ आली की निम्मी मुलं लवंग, गवती चहा नाहीतर तुळस घेऊन माझ्या टेबलापाशी उभी असतात. मी त्यांना ओव्याकडे वळवते. कुठल्याही वाण्याकडे मिळतो, तेल बऱ्यापैकी सुटतं आणि त्यातलं थायमॉल खरंच जोरकस आहे, त्यामुळे काही ना काही निकाल हाती लागतो. खरी गडबड निकाल आल्यावर होते, त्यावर पुढे बोलूच.

ओवा अख्खा आणा आणि तेल काढायच्या दिवशीच जाडसर भरडा. आदल्या रात्री भरडलात तर वास घरभर सुटतो आणि तेल तेवढं कमी येतं. १०० ग्रॅम ओवा, अर्धा लिटर पाणी, एक लिटरचा गोल बुडाचा फ्लास्क, वर क्लेव्हेंजर, म्हणजे वाफेतून तेल वेगळं काढणारं काचेचं उपकरण. तीन तास मंद उकळी. तेल पाण्यावर तरंगतं, दोन ते चार मिली मिळायला हरकत नाही. (लवंगेवर अडून बसलेल्यांसाठी: ते तेल पाण्यापेक्षा जड असतं, खाली बसतं. त्याला वेगळ्या बांधणीचं क्लेव्हेंजर लागतं, कपाटात आहे का ते आधी बघा.) चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट घालून उरलंसुरलं पाणी काढा आणि तेल गडद काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. प्लास्टिकची कुपी नको.

फ्रिजमधून काढलेली बाटली उजेडात धरा. तळाशी पारदर्शक खडे दिसले तर ते ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉलच. घरच्या अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर पडतं ते. तसंच वरचं तेल घेतलंत तर पुढे चाचणीच्या कागदी चकतीवर थायमॉल कमी, बाकीचंच जास्त. बाटली कोमट पाण्यात धरा, खडे पूर्ण विरघळू द्या, हलवा, मग पिपेट घाला.

बशीत म्युलर-हिंटन अगार (जीवाणू वाढवायचं जेलीसारखं खाद्य) ४ मिमी जाडीचा ओता. जीवाणू दोन पुरेत: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय. जीवाणूंच्या द्रावाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाण नमुन्याशी जुळवा, स्वॅब तीन दिशांनी फिरवा, ६ मिमीच्या कागदी चकतीवर १० मायक्रोलिटर तेल सोडा. एका बशीत एकच तेल. ते उडून जाणारं आहे. त्याची वाफ झाकणाखालून शेजारच्या चकतीपर्यंत पोचते आणि तिचंही रिंगण (चकतीभोवतीची जीवाणू न वाढलेली स्वच्छ जागा) फुगवते. म्हणून तुलनेसाठीची जेंटामायसिन या प्रतिजैविकाची बशी वेगळी, कोऱ्या चकतीची वेगळी, प्रत्येकीची कड पॅराफिल्मच्या पट्टीनं बंद. ३५ ते ३७ अंशांवर १६ ते १८ तास. वाफेचा जोर बघायचाच असेल तर चकती अगारवर न ठेवता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि बशी उलटी ठेवा.

आता ती गडबड. जेंटामायसिनपेक्षा ओव्याचं रिंगण मोठं आलं की मुलं अहवालात ठोकून देतात, ‘ओव्याचं तेल प्रतिजैविकापेक्षा प्रभावी’. अरे, जेंटामायसिनच्या चकतीत औषध किती? १० मायक्रोग्रॅम. तुम्ही टाकलेलं १० मायक्रोलिटर तेल म्हणजे जवळपास ९,००० मायक्रोग्रॅम. नऊशेपट माल ओतून जिंकलात, त्यात कौतुक कसलं! शिवाय तेल पाणीदार अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे दोन तेलांची रिंगणं एकमेकांशी ताडून बघण्यातही फारसा अर्थ नाही. रिंगण फक्त ‘परिणाम आहे’ एवढंच सांगतं.

किती तेल पुरतं, हे कळायला एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण, काढा. ब्रॉथमध्ये (जीवाणूंच्या पातळ खाद्यात) तेल मिसळायला ट्वीन ८० हा साबणासारखा पदार्थ लागतो, ०.५ टक्क्यांच्या वर नको. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १ टक्क्यापासून सुरुवात करून दर खळग्याला तेल निम्मं करत जा. नुसत्या ट्वीनची आणि नुसत्या जीवाणूंची ओळ हवीच. दोन तेलं असतील तर मध्ये एक ओळ मोकळी सोडा, कारण तीच, वाफ. दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन हा निळा रंग घाला: गुलाबी झालं तर जीवाणू जिवंत, निळं राहिलं तर वाढ नाही. निळ्या राहिलेल्यांतलं सगळ्यांत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. निळ्या खळग्यातलं थोडं ताज्या अगारवर लावून बघा. तिथे वसाहती उगवल्या तर जंतू नुसते थोपले होते, मेले नव्हते.

तोंडी परीक्षेत तेलानं जंतू का मरतात, याचं कारण विचारतात. थायमॉल स्निग्धात विरघळतं, जीवाणूच्या पटलात (पेशीच्या पातळ आवरणात) शिरतं, पटल गळकं होतं आणि आतले पोटॅशियम आयन बाहेर पडतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, म्हणून ते सहसा जास्त चिवट. स्यूडोमोनास तर बहुतेक तेलांना दाद देत नाही.

आणि हे घरच्या ओट्यावर करू नका. बशीत वाढवलेले जंतू १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकता येत नाहीत. तेल निव्वळ अंगाला लावायचं नाही, पोटात घ्यायचं नाही. बशीतल्या रिंगणावरून डोस ठरत नसतो.