साक्ष सांगायची तर गोळ्यांसकट सांगा

पाळकसाहेबांनी "येत्या रविवारी साक्ष द्याल का?" विचारलं की भल्याभल्यांची झोप उडते. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. माझीही उडाली होती. टीबीतून नुकती उठले होते, वजन ३८ किलोंवरून कसंबसं ४५ वर आलेलं. उभी राहिले आणि म्हणून गेले, "प्रभूनं मला एका रात्रीत बरं केलं." मंडळी हालेलुया म्हणाली. एका रात्रीत उतरला होता तो ताप. टीबी गेला सहा महिन्यांच्या गोळ्यांनी.

उपासना सुटल्यावर एका बाईनं दारात गाठलं. तिच्या मुलालाही टीबी होता. "मग त्याच्या गोळ्या बंद करू का?" माझ्या पोटात गोळाच आला. त्याच दुपारी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. लघवी लाल व्हायची, मळमळायचं, दोन महिन्यांनी बरं वाटू लागतं आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सोडाव्याशा वाटतात. मी सोडल्या नाहीत, कारण रोज सकाळी गोळी हातात घेऊन प्रार्थना करायचे. माझी खरी साक्ष ती होती.

म्हणून आधी कागदावर लिहून काढा. काय दुखत होतं, कोणी काय केलं, प्रार्थनेनं तुमच्या आत काय बदललं. डॉक्टर, गोळ्या, डबा आणणारी जाऊ, सगळे त्यात येऊ द्या. देवाचं त्यानं काही कमी होत नाही. मग मोठ्यानं वाचा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर कापा.

शेजारीपाजारी बोलताना चर्चमधली भाषा चर्चमध्येच ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंना मी एकदा "तारण" म्हटलं, म्हणजे पापातून सुटका या अर्थानं, तर त्यांना बँकेत ठेवलेल्या पाटल्या आठवल्या!

वादात कोणी ओढलं तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, येशूनं दृष्टी दिलेला आंधळा आठवा. शास्त्रार्थ त्याला जमत नव्हता. आधी दिसत नव्हतं, आता दिसतं, एवढंच तो धरून बसला. आणि घाई नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. एका घरात पाच वर्षं लागली, मग शेजाऱ्यानं एका चहात "हो" म्हणावं अशी अपेक्षा कशाला?

आता अवघड भाग. माझे यजमान कॅन्सरनं गेले. तीच मंडळी, त्याच प्रार्थना, तेच गुडघे. दफनाच्या तिसऱ्या दिवशी एकजण मला म्हणाले, "विश्वास कुठंतरी कमी पडला." ते वाक्य मी कुणाच्याही घरात उच्चारू देत नाही. प्रेषित पौलानंही आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं, तो निघाला नाही.

ज्या घरात माणूस गेलंय तिथं बरं झाल्याची साक्ष नेऊच नका. भाकरी न्या, पिठलं न्या, बसा. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला, हे विसरू नका. शिवाय उठवलेला लाजर पुढं कधीतरी पुन्हा मेलाच असणार. माझा टीबी बरा झाला, तरी एक दिवस मीही जाणार. पुनरुत्थानाची आशा म्हणजे दुरुस्त झालेलं शरीर आणखी काही वर्षं चालणं नव्हे; मातीत ठेवलेलं माणूस ख्रिस्ताच्या हाती आहे, ही ती आशा. त्यांनी विचारलं तरच सांगा, आणि सांगताना आपण कोणाला मातीत ठेवलं तेही सांगा.

ईस्टरला आम्ही पहाटे अंधारातच दफनभूमीत जातो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. एका वर्षी काकूंनी फाटकाशी विचारलं, "एवढ्या पहाटे मसणात काय ठेवलंय गं?" मी दोन वाक्यांत सांगितलं: येशूची कबर रिकामी सापडली ती अशाच पहाटे, म्हणून आम्ही तिथं रडायला नाही, गायला जातो. त्या "बरं" म्हणून आत गेल्या. पुढच्या ईस्टरला पहाटे दार उघडलं, तर पायरीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगरा होता, त्यांच्याच कुंडीतला.