स्पोर्ट बाइकवरून पहिल्या टूरिंग बाइकवर: गाडीबरोबर हातही बदलावा लागतो

यामाहाच्या आर१५वर मी सहा वर्षं काढली. ताम्हिणी, वरंधा, पसरणी असे पुण्याच्या आसपासचे घाट तिच्यावरच शिकलो. एकदा बाबा म्हणाले, अक्कलकोटला गाडीवरूनच जाऊ या की. ते मागे बसले, हडपसरपर्यंत गेलो आणि परत आलो. उंच, चिंचोळी सीट, वर आलेले गुडघे आणि धरायला काही नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० ही लांबच्या प्रवासाची, म्हणजे टूरिंग बाइक घेण्याचं कारण एवढंच. पण पहिले दोन महिने ती मला नीट चालवता आली नाही, कारण मी तिला आर१५सारखीच चालवत होतो. आज पुन्हा सुरुवात करायची झाली, तर ज्या क्रमाने करेन त्याच क्रमाने इथे लिहितोय.

आधी मागच्या वर्षाचा हिशोब

शोरूमला जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांतले प्रवास कागदावर लिहा. तीनशे किलोमीटरच्या वरचे दिवस किती? मागे कोणी होतं का? रस्ता डांबरी होता की कच्चा? वर्षातून दोनदाच आणि एकट्यानेच जात असाल, तर आहे त्याच गाडीला चांगली सीट आणि मागच्या सीटवर बांधायची टेल बॅग पुरेल. हे मी मनापासून सांगतो.

गाडी बदलायचीच ठरली, तर सर्वाधिक वेगाचा आकडा बाजूला ठेवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, अटल सेतूवरही नाही. आपला प्रवास होतो तो जुन्या हायवेने, घाटांतून, ट्रक आणि एसटीच्या मागून. तिथे लागते ती साठ ते नव्वदच्या वेगात, वरच्या गिअरमध्ये, न ओरडता मिळणारी ओढ.

पैशाचा हिशोब ३५० सीसीच्या रेषेवर फिरतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढच्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही त्या रेषेपलीकडे साधारण दुप्पट होतो. म्हणून १५० सीसीवरून येणाऱ्याने सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स जरूर पाहावी. २४९ सीसी, वजन १६७ किलो, म्हणजे सवयीपेक्षा फार जड नाही. उंची कमी असेल आणि कच्च्या रस्त्याचा सोस नसेल, तर रॉयल एनफिल्डच्याच मीटिऑर ३५०ची सीट जमिनीपासून फक्त ७६५ मिलिमीटरवर आहे.

टाकीच्या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नका. आर१५ची टाकी ११ लिटरची, हिमालयन ४५०ची १७ लिटरची. पण माझी आर१५ चाळीसच्या आसपास मायलेज देत होती आणि ही २८ ते ३० देते. एका टाकीतलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं.

टेस्ट राइड: चालवण्याआधी ढकलून बघा

शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांत सगळ्या गाड्या आवडतात. आठव्या तासाला काय वाटेल, हे जितकं आधी कळेल तितकं बरं. आधी गाडी बंद ठेवून ढकला. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी एकट्याने मागे ओढता येते का? ढाब्याच्या बाहेर ही वेळ हमखास येते. मग बूट घालून दोन्ही पायांचे चवडे टेकतात का ते पाहा. ज्या माणसाला मागे बसवणार आहात, त्यालाच बरोबर न्या. त्याला चढता-उतरता येतं का, पायाला फूटरेस्ट सापडतं का, हे तोच सांगेल.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर ऐंशी-नव्वदला विंडस्क्रीनची हवा कुठे लागते ते बघा. छातीवर लागली तर चालेल. हेल्मेटवर थडथडत असेल, तर दोन तासांत डोकं दुखेल. अशी काच असण्यापेक्षा नसलेली बरी.

पहिला आठवडा: फक्त हळू चालवा

हा भाग लोक गाळतात आणि गाड्या इथेच पडतात. आर१५चं वजन सुमारे १४२ किलो, हिमालयन ४५०चं १९६. फरक सिमेंटच्या एका गोणीपेक्षा जास्त. चालत्या गाडीत तो जाणवत नाही. जाणवतो तो शून्य ते दहाच्या वेगात, टाकी भरलेली असताना, कारण पेट्रोलचं बारा-तेरा किलो वजन वरच्या बाजूला असतं.

माझी गाडी पडली ती वाईच्या अलीकडे, चहाच्या टपरीसमोर. हँडल पूर्ण वळवलेलं होतं, खाली खडी होती आणि मी पुढचा ब्रेक दाबला. स्पोर्ट बाइकवर एका पायाने सावरता येईल असा तो झोल होता. इथे वजन एकदा ठरावीक कोनाच्या पुढे गेलं की पाय ते थांबवू शकत नाही. गुडघा वाचला, पण मी पुढचे चार दिवस रोज सकाळी रिकाम्या मैदानावर गेलो.

तिथे करायचं ते असं. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून, थोडं रेझिंग देऊन, मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवून सरळ रेषेत जितकं सावकाश जाता येईल तितकं जा. पुढच्या ब्रेकला बोटही लावू नका. हे जमलं की आठचा आकडा काढा आणि मग यू-टर्न. यू-टर्न घेताना नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचंय तिथे ठेवा. मान खरोखर वळवावी लागते. गाडी आत झुकली की तुम्ही बाहेरच्या बाजूला सरका. स्पोर्ट बाइकवर वेगात वळताना शरीर आत टाकायची सवय असते, इथे हळू वळताना ते उलट करायचं.

गाडी उचलायलाही शिका. गिअरमध्ये टाका, पाठ सीटला टेकवा, हँडल आणि मागचं ग्रॅब रेल धरा आणि पायांच्या जोरावर मागे चालत उभी करा. कंबरेतून वाकून उचलाल तर सहल तिथेच संपेल. उजवीकडे पडली असेल, तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा.

हात, पाय आणि कान

ब्रेक-क्लचचे लिव्हर स्वतःच्या हाताला जुळवून घ्या. बसल्यावर मनगट सरळ राहिलं पाहिजे. स्पोर्ट बाइकच्या खाली झुकलेल्या क्लिप-ऑन हँडलवर आपण नकळत हातांवर भार टाकतो. रुंद हँडलवर तोच भार टाकला की गाडी डुलते. कोपर सैल, टाकी गुडघ्यांत, पाठ सरळ.

इंजिनचा आवाज ऐकून गिअर बदलायची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आर१५चा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ७,५०० आरपीएमला शिगेला पोचतो, हिमालयन ४५०चा ५,५००ला, आणि त्यातला बराचसा तीन हजारांपासूनच हाताशी असतो. दर ओव्हरटेकला दोन गिअर खाली टाकायची गरज नाही. घाट चढताना तिसऱ्यात ठेवा आणि ओढू द्या.

ब्रेक लावल्यावर नाक खाली जातं, कारण पुढचं सस्पेन्शन २०० मिलिमीटर खेळतं. घाबरू नका, पण ब्रेक थोडा आधी आणि दाब हळूहळू वाढवत लावा. मागे माणूस असेल, तर स्पोर्ट बाइकवर विसरलेला मागचा ब्रेक आता खरंच काम करतो.

सामान

पाठीवरची सॅक उतरवा. ते वजन गाडीने वाहायचं. जड वस्तू म्हणजे हत्यारं, पाणी, चेन ल्यूब या गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडल बॅगच्या तळाशी आणि शक्य तितक्या पुढे. दोन्ही बाजू साधारण समतोल. कपडे वर. टॉप बॉक्समध्ये हलकंच ठेवा. तो मागच्या चाकाच्याही मागे असतो, भरला की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं.

सामान आणि माणूस चढला की तीन गोष्टी बदला. मागच्या सस्पेन्शनचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा. टायर थंड असताना मॅन्युअलमध्ये दोन माणसांसाठी दिलेली हवा भरा. आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या, कारण मागून गाडी बसली की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चाकं ट्यूबची आहेत की ट्यूबलेस, हेही पाहून ठेवा. हिमालयन ४५०च्या सुरुवातीच्या गाड्यांची चाकं ट्यूबची आहेत. अशी गाडी असेल, तर पुढची-मागची एकेक ट्यूब बरोबर हवी.

पहिल्या सहली

आधी पुणे-वाई-पाचगणी, एकटं, सामानासह. सकाळी निघून संध्याकाळी परत. मग तोच रस्ता मागे माणूस घेऊन. दर दीड तासाला थांबा, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. त्यानंतर मुक्कामाची सहल, पहिल्या दिवशी कोल्हापूर आणि दुसऱ्या दिवशी आंबोली. पावसाळा असेल, तर आंबोलीत धुक्यासाठी जास्तीचा वेळ धरा.

मागच्या माणसाशी खुणा ठरवून घ्या. मी बाबांना सांगितलंय: मी हो म्हटल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही, आणि खांद्यावर दोन थापा म्हणजे थांबायचं. अक्कलकोटला जाताना त्यांनी दोन थापा चार वेळा मारल्या. त्यातल्या दोन वेळा इंदापूरच्या आतच आल्या, कारण सीटच्या कडेवर त्यांची मांडी घासत होती. परत आल्यावर पहिला खर्च केला तो मागच्या सीटच्या फोमवर.