‘उन्हानं झालं असंल’ : कुत्र्या-मांजराच्या आजारपणात या चुका टाळा

आपल्याकडं बैलानं रवंथ बंद केलं की घरातल्या लहान पोरालाही कळतं. कान गार पडलेत, पाण्याला तोंड लावत नाही, लगेच जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. त्याच घरातलं कुत्रं दोन दिवस भाकरीकडं बघत नाही, तेव्हा मात्र उत्तर तयार असतं, "उन्हानं झालं असंल, बघू दोन रोज." लक्षण दिसत नाही अशातला भाग नाही. दिसतं, पण त्याला लगेच एक कारण चिकटवलं जातं आणि विषय तिथंच संपतो.

सगळं उन्हावर ढकलणं

परभणी, नांदेड, जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा कुत्री कमी खातात हे खरंच आहे. पण उन्हानं मंदावलेलं कुत्रं संध्याकाळी अंगण गार झालं की उठतं, शेपूट हलवतं, ताटली चाटून पुसून ठेवतं. जे रात्रीही पडूनच राहतं, त्याचं कारण ऊन नाही.

आपल्या भागात अशा वेळी पहिला संशय गोचीड तापाचा घ्यावा. गोचीड चावल्यावर रक्तात जंतू शिरतात, ताप येतो, भूक जाते, अंगातलं रक्त कमी होत जातं आणि काही कुत्र्यांच्या नाकातून रक्त येतं. इथंच घात होतो. उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटतो, म्हणून कुत्र्याचाही फुटला असेल असं धरून डोक्यावर पाणी मारून सोडून देतात. कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रक्त तपासून घ्या. औषध बहुधा महिनाभर चालतं. चार दिवसांत शेपूट हलायला लागली म्हणून गोळ्या बंद करू नका.

घरी बघायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे हिरडी. ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी पांढरीफटक, पिवळी किंवा निळसर असेल तर उद्यावर टाकू नका. ज्यांची हिरडी मुळातच काळी असते, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

माजावर येऊन गेलेल्या कुत्रीच्या बाबतीतही ऊन असंच आड येतं. माज ओसरल्यावर महिना-दोन महिन्यांत ती बादलीभर पाणी प्यायला लागली, सुस्त झाली, तर "उन्हाळा आहे, पाणी पिणारच" असं म्हणून सोडू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधी तो बाहेर दिसतो, कधी आतच साठतो, आणि आतला जास्त घातक.

खरोखर ऊन लागलेलं कुत्रं वेगळं दिसतं. जोरजोरात धापा, चिकट लाळ, विटकरी लाल हिरडी, झोकांड्या. पत्र्याच्या शेडखाली बांधलेली आणि चपट्या नाकाची कुत्री आधी बळी पडतात. तिथंच अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

नाकावरून ताप, आणि मेडिकलमधली गोळी

नाक ओलं म्हणजे ताप नाही, हा समज काढून टाका. कुत्र्याचं निरोगी तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते गरम लागतं आणि मग घरातली पॅरासिटामॉल दिली जाते. मांजराला तर ही एक गोळीही मारू शकते, कारण तिचं विष उतरवण्याची ताकद मांजराच्या यकृतात नसते. कुत्र्याला दुखण्यावरची आयबुप्रोफेन दिली तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल चोपडणं हाही त्याच जातीचा उपाय. कुत्रं ते चाटतं आणि ते पोटात जातं.

मांजर गप्प आहे म्हणजे बरं आहे

मांजर दुखणं लपवतं. पलंगाखाली, कोठीमागं जाऊन बसणं हेच त्याचं कण्हणं समजा. बोका सारखा मातीत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मागं चाटतो, तेव्हा घरचे म्हणतात पोट साफ होत नाही आणि एरंडेल पाजतात. बहुतेक वेळा लघवी तुंबलेली असते. चोवीस तास गेले तर जीव धोक्यात येतो, त्यामुळं रात्र असली तरी डॉक्टरला उठवा. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या मांजरालाही हाच नियम.

घशात हाड अडकलं म्हणून हात घालणं

ही चूक माणसाच्या जिवावर येते. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय. असं कुत्रं बघून लोक हाड शोधायला तोंडात हात घालतात. हीच लक्षणं रेबीजचीही असतात. हात लावू नका, कोंडून ठेवा, डॉक्टरला बोलवा. लाळ जखमेला लागली असेल किंवा दात लागला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर उपाय नाही.

उद्या बघू

पिल्लाला उलट्या आणि घाण वासाची रक्ताळ हगवण लागली, तर ते दातांमुळं नसतं. पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो आणि पिल्लू काही तासांत सुकून जातं. फवारणीच्या दिवसांत शेतातून आलेलं कुत्रं लाळ गाळत थरथरायला लागलं, तर दूध किंवा मिठाचं पाणी पाजण्यात वेळ घालवू नका. औषधाची बाटली किंवा पुडी सोबत घेऊन निघा. उंदराच्या काही औषधांचा परिणाम तर दोन-चार दिवसांनी रक्तस्रावातून दिसतो. कुत्र्यानं ते खाल्लेलं पाहिलं असेल तर ते ठणठणीत दिसत असलं तरी दाखवा.

लातूर-उदगीरकडच्या कारवानी कुत्र्यांची बरगडी एरवीही दिसते, त्यामुळं ती खंगलेली लवकर ध्यानात येत नाहीत. महिन्याला एकदा वजन करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पुष्कळदा गाई-म्हशींसाठी गावोगाव गेलेले असतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. गुंतागुंतीचं दुखणं असेल तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण घरी लंगडणारं, खोकणारं कुत्रं डॉक्टरसमोर हमखास ताठ उभं राहतं. फिटचा झटका आला तर तोंडात चमचा किंवा कांदा घालू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा आणि व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा थांबून लगेच दुसरा आला, तर व्हिडिओ सोडा आणि गाडी काढा.