आखाजीनंतरच्या विजा : घर, स्टार्टर आणि सोलर पंप वाचवण्यासाठी सल्ला

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की दुपारनंतर ढग चढू लागतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मृग सरेपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजांचा जोर जास्त असतो. श्रावणातल्या झडीत तो त्या मानाने कमी. म्हणून अर्थिंग आणि वायरिंगची कामे रोहिणी लागण्याआधी, म्हणजे २५ मेच्या आत उरकावीत. ढग आल्यावर वायरमन मिळत नाही, आणि मिळाला तरी त्या वेळी तारांना हात लावणे धोक्याचे असते.

घरावर थेट वीज पडणे विरळाच. टीव्ही, फ्रीज, मोटारीचा ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारे साधन) किंवा सोलरचा कंट्रोलर जळतो तो बहुतेक वेळा दूर कुठेतरी लाइनीच्या तारांवर किंवा डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) पडलेल्या विजेमुळे. डीपीवर विजेची लाट, म्हणजे क्षणभर उसळलेले व्होल्टेज, जमिनीत सोडणारे लाइटनिंग अरेस्टर असतात. ते लाटेचा शेंडा छाटतात, पण उरलेले काही हजार व्होल्ट तारांतून घरापर्यंत येतात. एमसीबी (प्रवाह वाढला की पडणारा स्विच) तिथे कामाचा नाही. त्याला पडायला सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागतो आणि विजेची लाट त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. ईएलसीबी (प्रवाहाची गळती झाली की पडणारा स्विच) आणि स्टॅबिलायझरचेही तेच. ही साधने आपापल्या कामाची आहेत, फक्त हे काम त्यांचे नाही.

आधी अर्थिंग

सर्ज प्रोटेक्टर (लाट अर्थिंगकडे वळवणारे साधन) कितीही भारी घेतला तरी लाट जमिनीत सोडायला वाट हवी. किमान ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच ते तीन मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा गाडावा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओल असताना अर्थिंग उत्तम मिळते, पण मेमध्ये हीच जमीन भेगाळते आणि माती पाइपाला सोडून देते. नेमक्या पहिल्या वादळात अर्थिंग निकामी असते ते यामुळे. पाइपाभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरावा. नसेल तर कोळसा-मीठ चालते, मात्र मीठ जीआय पाइप खाते, त्यामुळे काही वर्षांनी खड्डा उकरून पाहावा लागतो. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतावे. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात मुरूम-खडक लागतो, तिथे एक पाइप पुरत नाही. दोन किंवा तीन पाइप गाडून एकमेकांना जोडावेत. दोन पाइपांतले अंतर पाइपाच्या लांबीइतके तरी ठेवावे, दुप्पट असेल तर उत्तम.

मोजमाप अर्थ टेस्टरनेच करून घ्यावे. १० ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून ‘पेटला, म्हणजे अर्थिंग झकास’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या बल्बचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या पुढे असतो. अर्थिंग ५० ओहमचे, म्हणजे वाईट असले तरी बल्ब जवळपास तेवढाच पेटतो. शिवाय ही तपासणी जिवावर बेतू शकते.

दुसरी मोठी चूक म्हणजे घराचे अर्थिंग वेगळे, डिशचे वेगळे, सोलरचे वेगळे आणि ती एकमेकांना न जोडता सोडलेली. साधारण विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरला आणि अर्थिंग अगदी १० ओहमचे असले, तरी त्या क्षणी तिथली पातळी तीन लाख व्होल्टवर जाते. शेजारचे दुसरे अर्थिंग खालीच असते आणि हा फरक टीव्हीच्या किंवा कंट्रोलरच्या पोटातून भरून निघतो. खड्डे कितीही असोत, ते सगळे २५ × ३ मिलिमीटरच्या जीआय पट्टीने जमिनीखालून एकत्र जोडावेत. सांधे नटबोल्टने कसून त्यांवर बिट्युमेन (डांबर) लावावे. नुसती गुंडाळलेली तार चालत नाही.

सर्ज प्रोटेक्टर आणि त्याची वायर

सिंगल फेज घरासाठी टाइप २ चा, ‘एक अधिक एक’ जोडणीचा सर्ज प्रोटेक्टर घ्यावा. त्यात फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर (व्होल्टेज चढले की लाटेला वाट देणारा भाग) आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅप (फक्त लाटच ओलांडते अशी फट) असतो. खेड्यातल्या स्वतंत्र अर्थिंगच्या पुरवठ्याला हीच जोडणी मानवते. डिस्चार्ज क्षमता २० किलोअँपिअर, कमाल ४० पाहावी. सतत सोसायचे व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० व्होल्टचे घ्यावे, कारण रात्री लोड उतरला की आपल्याकडे व्होल्टेज बरेच चढते आणि २७५ वाला वीज न पडताच जळून जातो. उघड्या लाइनीवरून सर्व्हिस वायर येत असेल किंवा छतावर वीज झेलणारी सळई बसवलेली असेल, तर टाइप १ (थेट विजेचा प्रवाहही सोसणारा) अधिक २ असा एकत्र मिळतो तो लावावा.

बसवायची जागा मेन स्विचनंतर, ईएलसीबीच्या आधी. खरी मेख वायरीच्या लांबीत आहे. फेजपासून सर्ज प्रोटेक्टरपर्यंत आणि तिथून बोर्डातल्या अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून वायर ५० सेंटिमीटरच्या आत बसली पाहिजे. विजेच्या वेगवान लाटेत सरळ वायरीच्या दर मीटरवर हजार व्होल्ट सहज उभे राहतात. दोन मीटर वायर गुंडाळी करून बोर्डात कोंबली की प्रोटेक्टरने दाबलेले व्होल्टेज त्या वायरीनेच परत वाढवून टीव्हीला दिले. वायरमन नेमके इथे चुकतात, त्यामुळे काम चालू असताना समोर उभे राहून मोजावे. वायर तांब्याची, किमान ६ चौरस मिलिमीटर. टाइप १ असेल तर अर्थची वायर १६ चौरस मिलिमीटर. प्रोटेक्टरच्या खिडकीत हिरवी खूण असते. ती लाल झाली की कार्ट्रिज संपले. दर वादळानंतर एकदा नजर टाकावी.

बोअर, विहीर आणि सोलर

सबमर्सिबल मोटार पाण्यात बुडालेली असते, म्हणजे तिचे आवरण आपोआप जमिनीशी जोडलेले. लाइनीतून आलेल्या लाटेला वाइंडिंगचे इन्सुलेशन फोडून पाण्यात उतरणे सोपे जाते. पहिल्या पावसानंतर मोटारी जळतात त्यांपैकी काही अशाच. त्यात ऑटो कायम चालूवर असतो, कारण लाइट रात्री कधी येईल याचा भरवसा नसतो. ढग दिसताच ऑटो बंद करून भागत नाही, स्टार्टरच्या पेटीतल्या तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढाव्यात. पेटीजवळ जायचे ते गडगडाट सुरू होण्याआधीच.

पेटीत तीन फेजचा सर्ज प्रोटेक्टर लावावा. न्यूट्रल आला असेल तर ‘तीन अधिक एक’ जोडणीचा, फक्त तीन तारा असतील तर ४४० व्होल्टचा तीन पोलचा. त्याचे अर्थिंग पेटीच्या अर्थिंगला आणि बोअरचे केसिंग (आत उतरवलेला पाइप) लोखंडी असेल तर त्यालाही जोडावे. खोल गेलेल्या केसिंगसारखे अर्थिंग विकत मिळत नाही.

सोलर पंपाला बसवतानाच अरेस्टर आणि अर्थिंग दिलेले असते. तरी पॅनेलच्या चौकटीपासून खड्ड्यापर्यंतची पट्टी गंजली, तुटली किंवा चोरीला गेली का, हे दर उन्हाळ्यात तपासावे. पॅनेलकडून कंट्रोलरकडे येणाऱ्या प्लस आणि मायनस तारा एकमेकींना चिकटून आणाव्यात. त्या वेगवेगळ्या बाजूंनी आणल्या की मध्ये मोठे वेटोळे तयार होते आणि जवळ पडलेली वीज त्यात व्होल्टेज उभे करते. वादळाआधी डीसी आयसोलेटर (पॅनेलच्या तारा तोडणारा स्विच) बंद करावा. हमीच्या मुदतीत कंट्रोलर जळाला तर तो स्वतः उघडू नये. फोटो काढून पुरवठादाराकडे लगेच लेखी तक्रार करावी.

प्लग, डिश, छत

भिंतीवरचे बटण बंद करणे म्हणजे उपकरण सुटे करणे नव्हे. बटण फक्त फेज तोडते, तीही काही मिलिमीटरच्या फटीने. विजेला ती फट काहीच नाही. प्लग ओढून काढावा आणि सोबत डिशची केबलही सेट-टॉप बॉक्सपासून सोडवावी. ती छतावरून थेट आत येते आणि नेमकी तीच विसरली जाते. फायबरची काच वीज वाहत नाही, मात्र राउटरचा अडॅप्टर वाहतो आणि ड्रॉप केबलमध्ये (खांबावरून घरात येणाऱ्या केबलमध्ये) आधाराची लोखंडी तार असेल तर तीही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. मग प्लगालाही हात लावू नये, जळले तर जळू द्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. लोकेशन चालू ठेवले तरच त्याचा उपयोग.

छतावर सळई लावायचीच असेल तर एक सळई आपल्या उंचीएवढ्याच त्रिज्येचे रक्षण करते, असा ढोबळ हिशेब धरावा. शंभर मीटर परिसर वाचवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या अरेस्टरचा दावा आयएस/आयईसी ६२३०५ या मानकात बसत नाही. पत्र्याचे छत असेल तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून पत्रा जीआय पट्टीने अर्थिंगला जोडला तरी पुष्कळ काम होते. पट्टीला काटकोनात वळवू नये, वळण सैल द्यावे.

अर्थिंगचा खड्डा गोठ्यापासून आणि दारापासून दूर खणावा. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते, त्यामुळे जमिनीत पसरलेला प्रवाह त्याच्या छातीतून जातो. माणूस वाचतो आणि बैल दगावतो तो याच कारणाने. वादळात जनावरे निंबाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे होईपर्यंत शेतात जाऊ नये. जनावर दगावलेच, तर तलाठ्याचा (आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा) पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे शवविच्छेदन होण्याआधी पुरू नये, नाहीतर मदतीचा अर्ज अडतो. तुटून पडलेली तार दिसल्यास लांब राहून महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे. डीपीवर स्वतः चढू नये, लाइट गेलेली दिसत असली तरीही.