फुटलेला कुकर दुकानदाराला परत देऊ नका: सदोष उपकरणांच्या तक्रारीतल्या चुका

बडोद्यात रावपुऱ्याला माझं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला ३१ वर्षं झाली. अलीकडे दुरुस्तीइतकीच माणसं दुसऱ्या कामासाठी येतात. कुणाचा कुकर उडालेला असतो, कुणाला मिक्सरचा शॉक बसलेला असतो. "काका, कंपनीवर तक्रार करायचीय, काय करू?" असं विचारतात, आणि मी पहिलाच प्रश्न करतो, "वस्तू कुठाय?" दहातल्या सातांकडे वस्तूच नसते. अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत घरात जी धावपळ होते, तिच्यात तक्रार हातची गेलेली असते.

वस्तू हातातून जाऊ देणं

दांडिया बाजारातल्या एका वाड्यात राहणाऱ्या वहिनींची गोष्ट सांगतो. संध्याकाळी तुरीची डाळ लावली होती. बराच वेळ शिट्टी झाली नाही म्हणून त्या ओट्याजवळ गेल्या आणि झाकण उडालं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. घरची माणसं त्यांना घेऊन दवाखान्यात धावली. इकडे सासूबाईंनी रात्री अकरापर्यंत छत, ओटा, फरशी सगळं घासून लख्ख केलं. सकाळी दीर कुकर घेऊन दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "लावो भाई, नवो लई जाओ, पैसा नथी जोईता." जुना ठेवून घेतला, नवा दिला. घरच्यांना माणूस भला वाटला.

महिन्याभरानं दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब लागला तेव्हा कंपनीला पत्र गेलं. उत्तर आलं, कुकर तपासणीसाठी पाठवा. दुकानदार म्हणाला, तो तर भंगारात गेला.

मला बोलावलं तेव्हा मी ओट्याखाली बॅटरी मारून बघितलं. गॅसच्या नळीमागे कुकरची रिंग अडकून पडली होती. बोटांत घेतली तर जाड, कडक, आणि कंपनीचं नाव कुठेच नाही. चार महिन्यांपूर्वी मंगळबाजारातून ४० रुपयांना आणलेली.

त्या रिंगेचा अर्थ काय, ते समजून घ्या. कुकरात साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब झाला की शिट्टीचं वजन उचलतं. डाळीचं साल शिट्टीखालच्या नळीत अडकलं तर ती वाट बंद होते. मग दुसरी वाट सेफ्टी व्हॉल्व्हची. त्यात लवकर वितळणारा धातू भरलेला असतो, उष्णता वाढली की तो वितळतो आणि वाफ सुटते. काही कुकरांना तिसरीही वाट असते. झाकणाच्या कडेला खाच ठेवलेली असते, दाब फार वाढला की रिंग त्या खाचेतून फुगून बाहेर येते आणि वाफ निघून जाते. कडक, जाड रिंग फुगत नाही. म्हणजे ४० रुपयांच्या रिंगेनं तिसरी वाट बुजवली असेल, हे मी नाकारू शकत नव्हतो. पण दुसरी वाट का उघडली नाही? व्हॉल्व्हमधला धातू जसाच्या तसा होता का? तसा असता तर दोष दाखवता आला असता. ते फक्त झाकण सांगू शकलं असतं, आणि झाकण भंगारात गेलेलं. उरली ती रिंग, तीही आमच्याच विरुद्ध बोलणारी. तक्रार दाखल झालीच नाही. वहिनींना आजही थंडीत त्या हाताची मूठ नीट वळत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगतो. गॅस बंद, बटण बंद, माणूस दवाखान्यात. त्यानंतर घरात जो मागे राहील त्यानं फडक्याला हात लावायच्या आधी फोटो काढायचे: छत, ओटा, झाकण कुठे पडलं ती जागा, उपकरणावरचा मॉडेल आणि सिरियल नंबर. डाळ चिकटलेली असेल तर चिकटलेलीच राहू दे. सगळे तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यात घालायचे, चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर दोन शेजाऱ्यांच्या तारखेसह सह्या घ्यायच्या. विजेचं उपकरण असेल तर वायर आणि प्लगसकट ठेवायचं. वास येईल म्हणून सासूबाई रागावतील, त्यांना समजवायचं.

आणि खोलून बघायचं नाही. घरातला उत्साही मुलगा पहिल्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो, त्याला थांबवा. मीसुद्धा असं उपकरण उघडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर जिल्हा आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं जिल्ह्याचं कोर्ट, वस्तूचा नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. आधीच उघडलेली वस्तू असेल तर समोरचा वकील एकच वाक्य बोलतो, "यांनी छेडछाड केली आहे." कंपनीचा माणूस आला तर त्याला तुमच्यासमोर बघू द्या. न्यायचीच म्हणाला तर सिरियल नंबर आणि वस्तूची अवस्था लिहिलेली, शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय देऊ नका. मला विचाराल तर पावती घेऊनही देऊ नका.

ओटीपी देऊन टाकणं

ही चूक नवी आहे आणि मला तिचा फार त्रास होतो. सर्व्हिसवाला येतो, पाच मिनिटं मिक्सर फिरवतो, म्हणतो, "बेन, ओटीपी आपो ने." आपण सांगतो. त्या क्षणी कंपनीच्या नोंदीत तुमची तक्रार "ग्राहक समाधानी" म्हणून बंद होते. शॉक बसल्याची तक्रार होती, आणि सर्व्हिसवाल्याच्या जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलेलं असतं "जनरल चेकअप". आधी ते कार्ड वाचा. त्यात तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, फोटो काढा, मग ओटीपीचं बघू. तो घाईत असेल तर असू दे. भाजलेला हात तुमच्या घरात आहे.

नुकसानभरपाईच्या नावाखाली नवी वस्तू आणि "आता काही मागणं नाही" असा कागद एकत्र आला, तर सही आज करायची नाही.

पक्कं बिल न घेणं

"पाकुं बिल जोईए तो जीएसटी लागशे" हे ऐकलं की दुकान बदला.

चिन्ह बघणं, नंबर न बघणं

आयएसआयचं चिन्ह कुणीही छापतो. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी २३४७, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि परवाना चालू आहे की नाही, ते दिसतं. १ फेब्रुवारी २०२१ पासून या चिन्हाशिवाय घरगुती प्रेशर कुकर विकता येत नाही. तरी विकले गेलेच. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉनला अशा २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरांच्या ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यायला आणि पैसे द्यायला सांगितलं, वर प्रत्येकी एक लाखाचा दंड.

परत बोलावलेली वस्तू वापरत राहणं

रिकॉल म्हणजे वॉरंटी नव्हे. वॉरंटी संपली असली तरी कंपनीनं धोक्याची म्हणून परत मागवलेली वस्तू बदलून किंवा दुरुस्त करून मिळते. पण ती सूचना दार वाजवून येत नाही. आपल्या बडोद्यात अर्ध्या घरांतलं कुणीतरी अमेरिकेत आहे, आणि बॅगेतून येणारी भांडी-उपकरणं ही मोठी गोष्ट आहे. तिथे नोव्हेंबर २०२० मध्ये क्रॉकपॉटचे नऊ लाखांवर इलेक्ट्रिक कुकर परत मागवले, कारण झाकण नीट न अडकताही आत दाब धरायचा. मे २०२५ मध्ये निंजा फूडीच्या ओपी३०० मालिकेचे सुमारे १८ लाख, कारण आत दाब असताना झाकण उघडता येत होतं. कंपनी झाकण फुकट बदलून देते, पण भाच्यानं इथे ठेवून गेलेल्या कुकरासाठी तुम्हाला कोण कळवणार? मॉडेल नंबर त्या देशाच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. दोन मिनिटं लागतात. तोवर तो कुकर कपाटात.

"दोन हजारांच्या कुकरासाठी कोर्टात कोण जाणार"

हा गैरसमज सगळ्यात जास्त माणसांना घरी बसवतो. कुठल्या आयोगात जायचं ते वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. कंपनी चेन्नईची असो की चीनची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वकील सक्तीचा नाही. दवाखान्याचा खर्च, बुडलेला पगार, वेदना यांची भरपाई मागता येते, मात्र प्रत्येक आकड्यामागे कागद लागतो. एक भाऊ चार हजारांच्या मिक्सरसाठी २५ लाख मागायचं म्हणून हटून बसले होते. खर्चाची एकही पावती नव्हती. अशा आकड्यानं खरी जखमसुद्धा खोटी वाटायला लागते.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन चांगली आहे, पैसे परत मिळवायला बऱ्याचदा पुरते. पण ती निवाडा देत नाही. तिच्या उत्तराची वाट बघत वर्ष काढू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती आयोगात दाखल करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण पटवावं लागतं, आणि "कंपनीचा माणूस येतो येतो म्हणत होता" हे फार वेळा चालत नाही.

मी खोक्यावर मार्करनं दोन तारखा लिहितो, अपघाताची आणि तिच्यापुढे दोन वर्षांनंतरची. सध्या माझ्या माळ्यावर असं एक खोकं आहे, एका मुलीच्या हँड ब्लेंडरचं. दुसरी तारीख यायला अजून सात महिने आहेत, आणि तिची तक्रार मागच्या सोमवारी दाखल झाली.