काठीच्या सावलीवरून आपल्या शाळेचे अक्षांश-रेखांश कसे काढावेत

‘एका अंशाला चार मिनिटं’ हे आठवीच्या लेकरांना तोंडपाठ असतं. पुस्तकातली उदाहरणंही ती न चुकता सोडवतात. पण त्याच वर्गाला विचारा, “आपल्या गावात भर दुपार किती वाजता होते?” सगळ्यांचं उत्तर एकच येतं: बारा वाजता. २२ डिसेंबरच्या सुमारास किनवटला सूर्य सर्वांत वर येतो तेव्हा घड्याळात सुमारे १२ वाजून १६ मिनिटं झालेली असतात, आणि वैजापूरला जवळपास साडेबारा. मराठवाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुपार पोहोचायला चौदा मिनिटं लागतात. हे लेकरांनी स्वतः मोजलं, की स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा पाठ परत शिकवावा लागत नाही.

साहित्य शाळेतच मिळतं: एक सळई, सुतळी, खडू, मोजपट्टी, कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा. प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो एक अख्खा दिवस.

दिवस कोणता निवडावा

हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. बरेच जण २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर सुचवतात, कारण त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो आणि गणित सोपं होतं. पण सप्टेंबरात आपल्याकडे परतीचा पाऊस असतो आणि मार्चमध्ये परीक्षा. शिवाय त्या दिवसांत सूर्य रोज जवळपास ०.४ अंश सरकतो, म्हणजे एक दिवस चुकला तरी उत्तर बिघडतं.

माझ्या मते २२ डिसेंबरचा आठवडा उत्तम. आभाळ बहुधा निरभ्र असतं. सूर्य मकरवृत्ताजवळ जवळपास थांबलेला असतो, त्यामुळे दोन-चार दिवस पुढेमागे झाले तरी अक्षांशाचं उत्तर बिघडत नाही. सावली लांब पडते, म्हणून मोजणीतली चूक कमी होते. आणखी एक मोठा फायदा आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे धावतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यास चौदा मिनिटं मागे. २२ डिसेंबरला हा फरक फक्त दीड मिनिट उरतो. अक्षांश आणि रेखांश, दोन्ही एकाच दिवसात हाती लागतात ते यामुळे. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. तेव्हा गणिताच्या सरांना किंवा मॅडमना आधीच सोबत घ्या, त्यांनाही उपक्रम हवाच असतो.

आदल्या दिवशी

सकाळी साडेदहा ते दुपारी अडीचपर्यंत जिथं झाडाची, इमारतीची सावली येणार नाही अशी सपाट जागा शोधा. फरशी किंवा सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम. जमीन एका बाजूला उतरती आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने तपासा. लेव्हल नसेल तर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठं पळतं ते पाहा.

रेतीने भरलेल्या डब्यात सळई अशी रोवा, की जमिनीपासून टोकापर्यंतची उंची बरोबर १०० सेंमी भरेल. वरचं टोक निमुळतं असावं. ओळंबा दोन बाजूंनी लावून सळई सरळ उभी आहे याची खात्री करा. सळई तिरकी राहिली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. डब्यामुळे सळईचं बूड थेट जमिनीवर दिसत नाही, म्हणून टोकाच्या बरोबर खाली येणारा बिंदू ओळंब्याने शोधा आणि त्याची खूण डब्याच्या काठावर चार बाजूंनी करून ठेवा. सर्व अंतरं त्या बिंदूपासूनच मोजायची आहेत.

त्याच दिवशी वर्गात अंदाज लिहून घ्या. सावली सर्वांत लहान किती वाजता होईल? ती कोणत्या दिशेला पडेल? किती सेंमी असेल? प्रत्येकाने वहीत लिहावं, आणि शिक्षकांनी बरोबर उत्तर अजिबात सांगू नये. हा टप्पा गाळू नका. स्वतः लिहिलेला अंदाज चुकला, की लेकरू कारण शोधायला लागतं.

प्रत्यक्ष मोजणी

मोबाइलची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेतली जाते आहे ना, ते पाहा. चौघा-पाचजणांचे गट करा: एक वेळ सांगणारा, एक खूण करणारा, एक मोजणारा, एक नोंद ठेवणारी. दर अर्ध्या तासाने कामं बदला. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे सुरुवातीलाच बजावा.

साडेदहापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने ठिपका द्या आणि शेजारी वेळ लिहा. सावलीचं टोक पुसट दिसतं. सूर्य हा बिंदू नाही, चकती आहे, म्हणून असं होतं. पुसट भागाच्या मध्यावर खूण करायची, आणि दिवसभर तीच पद्धत ठेवायची.

मध्यान्हाची वेळ काढताना बहुतेक जण अडखळतात. सगळ्यांत लहान सावली टिपायला गेलात तर फसाल, कारण त्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं सावलीची लांबी बदललेली कळतच नाही. त्याऐवजी ही जुनी युक्ती वापरा. अकरा वाजता सावली जिथं संपते, तेवढी त्रिज्या घेऊन सुतळीने सळईच्या पायाभोवती वर्तुळ काढा. सव्वाअकरा आणि साडेअकराला तसंच करा. दुपारनंतर सावली वाढत जाऊन याच वर्तुळांना दुसऱ्या बाजूला स्पर्श करेल. त्या वेळा टिपा. समजा, एका वर्तुळाला सावली ११:०० ला आणि पुन्हा १:४४ ला टेकली. दोन्हींच्या बरोबर मध्ये १२:२२. तीच तुमच्या गावाची मध्यान्ह. तिन्ही वर्तुळांची उत्तरं एक-दोन मिनिटांच्या फरकाने जुळली तर काम नीट झालं.

एकाच वर्तुळावरच्या दोन खुणा जोडा आणि त्या रेषेचा मध्य सळईच्या पायाशी जोडा. ही खरी उत्तर-दक्षिण रेषा. ती रंगाने कायमची आखून ठेवा, पुढे गावाचा नकाशा काढताना कामाला येते. होकायंत्राशी ताडून पाहायची असेल तर सळई आधी दूर करा, लोखंडाने सुई हलते.

आकडेमोड

आधी रेखांश. वरचं उदाहरण लातूरच्या आसपासचं आहे. मध्यान्ह १२:२२ ला झाली, त्यात सूर्याच्या घाईची दीड मिनिट मिळवा: साडेतेवीस मिनिटं. चारने भागा: सुमारे ५.९ अंश. भारताची प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाणारी. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून ८२.५ मधून ५.९ वजा. उत्तर ७६.६° पूर्व. लातूर नकाशावर तिथंच आहे. वजा का करायचं, हा प्रश्न लेकरांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सूर्य आधी मिर्झापूरला वर येतो आणि मग आपल्याकडे, हे त्यांच्या तोंडून येऊ द्या.

आता अक्षांश. मध्यान्हाच्या वेळची सावली लातुरात साधारण ८९.५ सेंमी भरते. वहीत १० सेंमीची उभी रेषा आणि तिच्या पायाशी काटकोनात ८.९५ सेंमीची आडवी रेषा काढून त्रिकोण पूर्ण करा. वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा: जवळपास ४२ अंश. त्यातून मकरवृत्ताचे साडेतेवीस वजा करा. साडेअठरा अंश उत्तर अक्षांश. नववी-दहावीचा वर्ग हेच त्रिकोणमितीने काढू शकतो. सावली मोजताना एक सेंमी चुकला तर उत्तर तिसरा हिस्सा अंशाने, म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटरने सरकतं. हे लेकरांना जरूर सांगा. मोजणीत चूक असतेच, ती किती आहे हे सांगता येणं हाही भूगोल आहे.

दुसऱ्या शाळेला जोडून घ्या

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप टाका आणि दूरच्या एखाद्या शाळेसोबत एकाच दिवशी मोजणी करा. वेळेच्या फरकासाठी पूर्व-पश्चिम अंतर हवं, जसं किनवट आणि वैजापूर. अक्षांशासाठी उत्तर-दक्षिण, जसं सिल्लोड आणि उमरगा. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सिल्लोडची सावली उमरग्याच्या सावलीपेक्षा सुमारे आठ सेंमी लांब असते. दोन्हीकडचे कोन वजा केले तर जवळपास अडीच अंश उरतात. नकाशावर दोन्ही गावांमधलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजा (रस्त्याचं नव्हे): ते सुमारे पावणेतीनशे किलोमीटर येतं. अडीच अंशाला इतकं, तर ३६० अंशांना किती? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सावलीवरूनच पृथ्वीचा परीघ काढला होता. खरा आकडा चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तुमच्या दोन शाळांचं उत्तर ३५ ते ४५ हजारांत आलं तर ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एक काम देता येतं. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे मे महिन्यात एक दिवस सूर्य खरोखर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. उमरग्यात हा दिवस ११-१२ मेच्या सुमारास येतो, सिल्लोडला २१-२२ मेच्या. अंगणात बाटली उभी ठेवायची, सव्वाबारापासून पाहत राहायचं आणि सावली कोणत्या दिवशी, किती वाजता गेली ते लिहून आणायचं. मामाच्या गावाला गेलेली लेकरं तिथली तारीख आणतील. जूनमध्ये शाळा उघडली की त्या तारखा मराठवाड्याच्या नकाशावर गावागणिक लिहून काढा, आणि आठवीच्या पुस्तकातला स्थानिक वेळेचा पाठ त्या नकाशापासून सुरू करा.