नक्षी शाबूत, टायर चिरलेला: ऑफ-रोड गाडीच्या टायरला अकाली भेगा का पडतात आणि काय करायचं

थार, जिम्नी, गुरखा किंवा फार्महाउसवरची यूटीव्ही (कच्च्या रानात चालवायची छोटी, आसनं असलेली गाडी) घ्या, मुंबईकराच्या ऑफ-रोड गाडीचा टायर झिजून बाद होणं तसं दुर्मीळच. नक्षी अर्धीसुद्धा उतरलेली नसते आणि कडेला केसासारख्या भेगा दिसायला लागतात. खापर फुटतं ते कर्जतच्या दगडधोंड्यांवर नाहीतर टायर कंपनीवर. खरं कारण बहुतेक वेळा सोसायटीच्या पार्किंगमध्येच असतं: आठवड्यातले पाच-सहा दिवस एका जागी उभी गाडी, कमी हवा, दुपारचं ऊन आणि वर कुणीतरी फासलेलं चकाकीचं पॉलिश.

रबराला चिरणारा मुख्य गडी म्हणजे ओझोन. वाहनांच्या धुरावर ऊन पडलं की तो जमिनीलगतच्या हवेत तयार होतो, आणि मुंबईत धूर आणि ऊन दोन्ही मुबलक. पण ओझोन सैल पडलेल्या रबराला फारसं काही करत नाही. जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच तो रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि भेग ताणाच्या दिशेला आडवी पडते. म्हणून हवा कमी असलेल्या उभ्या गाडीच्या टायरचा खालचा फुगवटा पहिला चिरतो. कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात आणि टायर चालताना दबतो-सुटतो तसा हा थर नव्याने भरून निघतो. टायरच्या कडेला जी तपकिरी झाक दिसते, ती याच रसायनांची. ती मळ समजून काथ्याने घासून काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हात आवरलेला बरा.

आधी नीट बघा

तपासणीला अर्धा तास लागतो. साध्या शाम्पूच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने टायर धुवा, पूर्ण वाळू द्या. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून बघता येतात. मागच्यांची आतली बाजू बघायची तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, समोरच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, जॅकने उचला आणि घोडी (गाडी पेलणारा पक्का स्टँड) लावूनच खाली वाका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका.

टॉर्च समोरून न मारता टायरला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा, म्हणजे बारीक भेगांची सावली पडते. तरी शंका वाटली तर पांढरा खडू ओला करून त्या भागावर चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. वरचा खडू निघून जातो, भेगेतला तसाच राहतो आणि पांढऱ्या रेषांचं जाळं स्पष्ट दिसतं. त्याच वेळी फोटो काढून ठेवा. दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा खडू चोळलात की भेगा वाढताहेत की नाही ते कळतं.

खोली बघायला टाचणीचं टोक घासून बोथट करा, त्यावर दीड मिलिमीटरवर पेनाने खूण करा आणि सर्वांत रुंद भेगेत अलगद टेकवा. दाबू नका, नाहीतर भोक तुम्हीच पाडाल. मग अंगठ्याने भेगेच्या दोन्ही बाजू ताणून आत बघा. तळाला काळं, एकसंध रबर दिसलं तर अजून वेळ आहे. धागे दिसले तर तो टायर त्या दिवसापासून रस्त्यावर न्यायचा नाही.

शेवटी तारीख बघा. टायरच्या कडेवरच्या 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण क्रमांक बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आत बसवलेली निघते. चाकाखाली वाकायचा कंटाळा करू नका.

भेग कुठे आहे, त्यावर कारण

साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, मधल्या फुगवट्यावर टायरला समांतर, गोलाकार जाणाऱ्या भेगा असतील तर हवा कमी ठेवून चालवलंय किंवा उभं ठेवलंय. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) हवा उतरवणं ठीक आहे, ग्रिप वाढते. चूक होते ती परतताना. दमलेली मंडळी 'पुढच्या पंपावर भरू' म्हणत एक्स्प्रेसवेला लागतात आणि मऊ साइडवॉल तासभर वेगात दुमडत राहते, आतून तापते. मोठा टायर अरुंद रिमवर बसवला असेल तर फुगवटा मुळातच जास्त, म्हणून तिथेही हाच प्रकार होतो.

सगळीकडे विखुरलेलं, सुकलेल्या चिखलासारखं बारीक जाळं आणि तेही एकाच बाजूच्या चाकांवर, म्हणजे ऊन. गाडी कायम एकाच दिशेला तोंड करून लावली जाते आणि पश्चिमेकडच्या चाकांवर दुपार ते संध्याकाळ ऊन पडतं. गाडीला कव्हर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक कव्हरं चाकाच्या मध्यावर संपतात.

नक्षीच्या ठोकळ्यांच्या मुळाशी, खाचेच्या तळात भेगा असतील तर खाचांत अडकलेले खडे, जास्त भार किंवा म्हातारं झालेलं रबर. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या, टायरचे उंच ठोकळे डांबरी रस्त्यावर सतत मुळातून हलतात, त्यामुळे रोज अंधेरी-ठाणे करणाऱ्या गाडीला ते टायर घालणं म्हणजे भेगांना आमंत्रण. तिथे ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा, पुरतो.

रिमला चिकटून, बीडजवळ (टायरची रिमवर बसणारी कड) भेग असेल तर टायर चढवताना लोखंडी पट्टीने झालेली इजा किंवा बेसुमार भार. ही भेग छोटी दिसली तरी सोडू नका, टायर उतरवून आतून बघायलाच हवा.

आणि आतल्या बाजूचं रबर मऊ, चिकट, किंचित फुगलेलं लागलं, मग तिथेच चिरा दिसल्या, तर तेल. पावसाळ्याच्या तोंडावर वॉशिंग सेंटरवर "साहेब, खालून डिझेल मारू का?" असं हमखास विचारतात. गंज लागू नये म्हणून चेसिसवर फवारलेलं डिझेल किंवा जुनं ऑइल गळत टायरच्या आतल्या कडेवर येतं आणि रबर ते पितं. चेसिसला संरक्षण हवंच असेल तर चाकं काढून किंवा प्लॅस्टिकने नीट झाकून गंजरोधक लेप लावून घ्या. डिझेलला नाहीच म्हणा.

एटीव्ही, यूटीव्ही आणि खारं पाणी

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या एटीव्हींचे (मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकींचे) टायर लवकर चिरतात, त्याचं खापर मिठावर फोडलं जातं. मीठ रबराला फारसं खात नाही. ते रिम खातं. बीड जिथे बसते तिथे गंजाचे पापुद्रे धरतात, तिथून हवा हळूहळू झिरपते, टायर बसतो, साइडवॉल ताणली जाते आणि मग ती चिरते. एटीव्हीत हवा असते साधारण ४ ते ७ पीएसआय. तिथे १ पीएसआय उतरली तरी पाचवा-सहावा हिस्सा गेला. पंक्चरवाल्याकडच्या मोठ्या गेजवर एवढा फरक कळतच नाही. एटीव्हीसाठी ० ते १५ पीएसआयचा वेगळा लो-प्रेशर गेज ठेवा. यूटीव्हीला जरा जास्त हवा लागते, पण आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून मॅन्युअल बघूनच भरा.

गळती शोधायला अर्ध्या लिटर पाण्यात दोन-तीन चमचे भांड्यांचं लिक्विड मिसळून स्प्रे बाटलीत भरा. बीडच्या पूर्ण गोलाईवर दोन्ही बाजूंनी, आणि व्हॉल्व्हवर मारा. एक-दोन मिनिटं थांबा, कारण सावकाश गळतीचे बुडबुडे साबणाच्या फेसासारखे बारीक असतात आणि उशिरा दिसतात. बीडला गळती निघाली की टायर रिमवरून उतरवा, बैठकीचा गंज वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत काढा, पुसा, बीड सीलर लावा आणि व्हॉल्व्ह नवा टाका. रिमला खड्डे पडले असतील तर सीलर टिकत नाही, रिमच बदलावी लागते. 'आत ट्यूब टाकून देतो' हा तोडगा रस्त्यावर अडकल्यावर चालेल, कायमचा नको. ट्यूब टाकल्याने चिरलेली साइडवॉल मजबूत होत नाही, फक्त हवा राहते आणि दुखणं लपतं.

समुद्रावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने रिमची आतली बाजू धुवा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल साइडवॉलपासून फूटभर लांब ठेवा.

रोजची काळजी

सर्वांत मोठा फरक हवेने पडतो. दर पंधरा दिवसांनी, गाडी निदान तीन तास उभी असताना, सकाळीच हवा मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादा सांगतो, तेवढी भरायची नसते. तापमान १० अंशांनी बदललं की ३० पीएसआयच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून भर दुपारी पंपावर मोजलेला आकडा फसवा. महिन्याला एखाद-दोन पीएसआय उतरणं चालतं. त्याहून जास्त म्हणजे गळती. नायट्रोजन भरल्याने बाहेरच्या भेगा थांबत नाहीत, ओझोन बाहेरून येतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

ट्रेलला जाणाऱ्याकडे १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर हवाच. डांबर लागलं की आधी हवा भरायची, चहा नंतर. मऊ टायरवर जावंच लागलं तर वेग ३०-४० किमीच्या वर नेऊ नका.

गाडी आठवड्यातून एकदा तरी १०-१५ किमी फिरवा. इंजिन सुरू करून पार्किंगमध्येच घरघरत ठेवल्याने टायरला काही मिळत नाही. परदेशी जाणार असाल किंवा यूटीव्ही पावसाळाभर बंद राहणार असेल तर चारही बाजूंनी घोडीवर चढवा आणि चाकं जमिनीपासून सोडवा. ते शक्य नसेल तर दारावरच्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा, मात्र टायरवरच्या कमाल मर्यादेच्या आत. टायरखाली प्लायवूडचे तुकडे ठेवा, कारण सोसायटीच्या फरशीवर कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं ऑइल सांडलेलंच असतं. पंधरा दिवसांनी कुणाला तरी सांगून पाव चक्कर पुढे ढकलून घ्या. वेल्डिंगच्या किंवा ठिणग्या उडणाऱ्या कार्बन ब्रशच्या मोटरच्या शेजारी गाडी ठेवू नका. तिथे ओझोन तयार होतो. सोसायटीच्या पाण्याच्या पंपांना सहसा असे ब्रश नसतात, त्यांची धास्ती नको.

उन्हासाठी दर महिन्याला गाडीचं तोंड उलट करा आणि चाकांना जाड सुती कापडाची वेगळी झाकणं करून घ्या. काळी ताडपत्री टायरला घट्ट गुंडाळली तर आत उष्णता आणि दमटपणा दोन्ही कोंडतात.

पॉलिशबद्दल थोडक्यात: केरोसीन आणि पेट्रोलियम सॉल्व्हंटवर बनलेली तेलकट पॉलिशं रबरावरचा मेणाचा थर धुऊन नेतात. चार दिवस टायर चमकतो आणि मग लवकर चिरतो. हौस असेल तर वॉटर-बेस्ड ड्रेसिंग पातळ लावा, दहा मिनिटांनी जादाचं पुसा. भेगा भरायला ते नाही. भेगांत रबर सोल्यूशन किंवा काळा सिलिकॉन भरून देणारेही भेटतात. त्याने फक्त भेगेचा तळ दिसेनासा होतो.

स्टेपनी

थार, जिम्नी, गुरखा, तिघींची स्टेपनी मागच्या दारावर उघडी टांगलेली. दिवसभर ऊन, आणि चालणं शून्य, म्हणजे मेणाचा थर नव्याने भरून निघायची संधीच नाही. पाचांतला सर्वांत चिरलेला टायर बरेचदा हाच निघतो, आणि तोही माळशेजमध्ये रात्री पंक्चर झाल्यावर कळतं. स्टेपनीला कव्हर घाला, हवा बाकी चारांबरोबर मोजा. पाचही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे असतील, फिरण्याची दिशा ठरलेले नसतील, तर दर ८-१० हजार किमीला स्टेपनी धरून पाचांची अदलाबदल करा.

कधी बदलायचा

वरवरचं बारीक जाळं, दीड मिलिमीटरहून उथळ आणि न वाढणारं, असं असेल तर वापरा आणि दर महिन्याला बघा. त्याहून खोल भेग, धागे दिसणं, भेगेशेजारी फुगा, बीडजवळची चीर, यांतलं काहीही असेल तर नक्षी कितीही उरलेली असो, टायर बाद. नक्षीची १.६ मिलिमीटरची खूण फक्त झीज सांगते, रबराचं वय सांगत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली की दिसायला ठणठणीत असला तरी काढा, कित्येक टायर कंपन्याही हेच सांगतात. साइडवॉलची भेग पॅच किंवा मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी बूच) लावून दुरुस्त होत नाही.

नवे घेताना तारीख दुकानातच वाचा. यूटीव्हीचे आणि मोठ्या मापाचे मड-टेरेन टायर सावकाश खपतात, त्यामुळे कोरा दिसणारा टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असू शकतो. सहा महिन्यांच्या आतला मागा. जुना स्टॉक निघाला तर भाव पाडून घेण्यापेक्षा दुसरं दुकान गाठलेलं बरं. टायर वर्षा-दोन वर्षांतच चिरला असेल तर बिल, पूर्ण क्रमांकाचा आणि भेगांचा फोटो घेऊन डीलरकडे क्लेम टाका. तपासणीआधी टायर पॉलिश करू नका आणि उरलेली नक्षी मोजून न्या. भरपाई मंजूर झाली तर ती सहसा उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते.

बाद टायर देताना साइडवॉल कटरने दोन ठिकाणी आरपार कापून द्या, नाहीतर तोच टायर काळा रंग मारून दुसऱ्याच्या गाडीला लागतो. फार्महाउसवर झोपाळा किंवा कुंपणासाठी ठेवणार असाल तर खालच्या बाजूला बोटभर रुंदीची चार-पाच भोकं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी साचून डास होणार नाहीत.